रजेचे दिवस आणि रजेच्या वेळा

वडिलांच्या रजा-पुस्तिकेत १९८९ या वर्षापुढे तीन नोंदी आहेत. मार्चमध्ये तीन दिवस, जूनमध्ये चार, सप्टेंबरमध्ये पुन्हा तीन. शेवटच्या रकान्यात टाइम ऑफिसमधल्या कारकुनाच्या तिरप्या अक्षरात 'शिल्लक ६' असे लिहिले आहे आणि खाली सही आहे. कारणांसाठी पुस्तिकेत रकाना नाही; पण आमच्या घरातल्या कोणालाही ती सांगता येतील. मार्चमधले तीन दिवस पैठणच्या नाथषष्ठीचे, जूनमधले चार मृगाच्या पेरणीचे, सप्टेंबरमधले तीन महालक्ष्म्यांचे. त्याच वर्षी मार्गशीर्षात आजी गावी अंथरुणाला खिळली आणि पंधरवड्याच्या आत गेली. वडील त्या पंधरवड्यात रजेवर नव्हते. सकाळच्या एसटीने ते पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी जात, दोन तास तिच्या उशाशी बसत आणि दुपारच्या गाडीने परतून दुसऱ्या पाळीला चिकलठाण्याच्या कारखान्यात हजर होत. दोन दिवस ते जमले नाही. ते दिवस बिनपगारी झाले. ती गेल्यावर दहाव्यापर्यंतचे दिवसही बिनपगारीच गेले. रजा का घेतली नाही, असे मी पुढे केव्हातरी विचारले, तेव्हा कोणालाही दोष न देता ते म्हणाले, "दिवस होते रे, टाइम संपले होते."

'टाइम संपणे' म्हणजे काय, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे एकोणऐंशीवे कलम वाचल्यावर त्याचा उलगडा झाला. एका वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी, केलेल्या कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस, या हिशेबाने भरपगारी रजा मिळे. न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढे ओढता येई. अर्ज निदान १५ दिवस आधी करायचा असे. आणि त्याच ठिकाणी एक छोटी अट होती : वर्षभरात रजा तीनपेक्षा अधिक वेळा घेता येणार नाही. म्हणजे कामगाराजवळ दोन वेगवेगळ्या शिदोऱ्या असत, एक दिवसांची आणि एक वेळांची. आणि दुसरी पहिलीच्या आधी संपू शके. कामगार स्वतः आजारी पडला तर १५ दिवस आधी अर्जाची अट त्याला लागू नसे. आईच्या आजाराचा त्या कलमात उल्लेख नव्हता.

हेही सांगितले पाहिजे की कायद्याने ठरवलेले हे किमान होते. याहून अधिक सवलत देण्यास कोणत्याही कारखान्याला आडकाठी नव्हती. चौथ्यांदा रजा दिली असती तर कायदा मोडला नसता. पण किमान आणि कमाल यांतला फरक टाइम ऑफिसच्या खिडकीतून सहसा दिसत नाही. सहा दिवस पुढच्या वर्षाच्या खात्यात गेले. १ जानेवारीला नव्या तीन वेळा मिळाल्या. आजी त्याच्या एकोणीस दिवस आधी गेली होती.

एका दमात किती दिवसांची रजा घ्यावी, हा प्रश्न आपण घरगुती समजतो. कॅलेंडर भिंतीवरून काढायचे, रविवार मोजायचे, तिकिटे पाहायची आणि ठरवायचे. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात हा निर्णय रजा घेणाऱ्याच्या हाती फार क्वचित राहिलेला दिसतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडण्याचे धाडस मी करतो, ते त्याची सुरुवात शब्दांपासून होते म्हणून.

रजा हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी. राजी, रजामंदी हे त्याचेच सगोत्र शब्द. आणि नोकरी सोडताना आपण जो राजीनामा देतो, तोही मुळात संमतिपत्रच. तेव्हा 'रजा' या शब्दात दुसरा माणूस आधीपासून उभा आहे. जुन्या मराठीत पाहुणा यजमानाची रजा घेई, सरदार दरबाराची रजा घेई. रजा घेणे म्हणजे निघण्याची परवानगी घेणे. याउलट सुट्टी हा शब्द सुटण्यापासून झाला. शाळा सुटते, गिरणी सुटते, गाठ सुटते. सुट्टीत कोणी कोणाला परवानगी देत नाही. वेळ झाली की सगळेच सुटतात. तिसरा शब्द खाडा. दूधवाल्याच्या, मोलकरणीच्या, रोजंदारीच्या हिशेबात न आलेल्या दिवसाची जी रिकामी जागा पडते, ती खाडा. पहिला शब्द परवानगीचा, दुसरा मोकळीकीचा, तिसरा वजावटीचा. (दांडी मारणे हा चौथा प्रकार मी मुद्दाम बाजूला ठेवतो, त्यावर प्राध्यापकांनी स्वतंत्र लेख लिहावा, त्यांना साधनसामग्रीची वाण पडणार नाही.) कामगाराच्या विसाव्याचा मराठी मुलखातला इतिहास मला या तीन शब्दांमधली ओढाताण वाटतो.

त्यात सुट्टीचा लढा आधी झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, कामावर जखमी झालेल्याला पगार, अशा त्या मागण्या होत्या. सहा वर्षे त्यावर फारसे काही हलले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला आधार दिला. 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या या सत्यशोधकाचे नाव रविवारच्या निमित्ताने हल्ली वर्षातून एकदा तरी घेतले जाते, ते योग्यच आहे.

मात्र रविवार ही सुट्टी आहे, रजा नव्हे. त्या दिवशी गिरणीच बंद असते. कोणाला अर्ज करावा लागत नाही, कोणाच्या जागी कोणी उभे राहत नाही, आणि दिवस किती घ्यावेत हा प्रश्नच उद्भवत नाही. सलग रजेत साचा चालू असतो आणि माणूस गेलेला असतो. त्याच्या जागी दुसरा माणूस लागतो. मुंबईच्या गिरण्यांत त्या दुसऱ्या माणसाचे नाव 'बदली'. नामाचे विशेषण आणि विशेषणाचे नाम होणे व्याकरणाला नवे नाही. पण माणसाचेच नाव 'बदली' व्हावे, यात रजेचा अर्धा इतिहास आला.

मुंबईचा गिरणी कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुणे-नगरकडचा. त्याची सलग रजा चार-सहा दिवसांची असूच शकत नव्हती. कोकणात जायचे तर बोटीने. पावसाळ्यात बोटी बंद. प्रवासाचेच दिवस इतके जात की आठवड्यासाठी जाणे म्हणजे भाड्याची नासाडी. म्हणून तो वर्ष-दोन वर्षांतून एकदा जाई आणि महिना-दोन महिने राही. लग्ने उरकी, पेरणी करी, भाऊबंदकीतला तंटा सोडवी किंवा वाढवी. परत आल्यावर त्याची जागा त्याला मिळेलच, अशी खात्री नसे. ती मुकादमाच्या मर्जीवर असे, आणि मर्जीला दस्तुरी लागे. रजेच्या मूळ अर्थातली 'मर्जी' येथे अगदी रोख स्वरूपात हजर होती. त्यामुळे कामगार किती दिवस जायचे हे ठरवताना घरच्या कामाचा अंदाज घेई, तसा मुकादमाच्या तोंडाचाही घेई.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रकाराकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तोपर्यंत मालकांचा सूर असा असे की हिंदी कामगार मूळचा शेतकरी. त्याचे मन कारखान्यात रमत नाही, तो पळतो. आयोगाचे म्हणणे पडले की गावाशी असलेला हा संबंध तोडू नये. तो उपकारक आहे. फक्त त्याला शिस्त लावावी. ठरावीक मुदतीची रजा द्यावी आणि परत आल्यावर जागा मिळेल अशी शाश्वती द्यावी. ना. म. जोशी या आयोगाचे एक सदस्य होते. पण शिस्त आली ती दुसऱ्या बाजूने. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आणली. बदल्यांना कार्डे मिळाली, रोज सकाळी दारावर हजेरी लावणे आले. रजेवर गेलेल्यापेक्षा त्याच्या जागी येणाऱ्याचा बंदोबस्त आधी झाला.

भरपगारी सलग रजेची कल्पना जगात कायद्याच्या रूपाने रुजली ती बहुतांशी त्याच दशकात. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि त्याच महिन्यात जिनेव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रजेचा करार संमत केला. त्या करारात वर्षाला निदान सहा कामाचे दिवस रजा सांगितली होती, आणि एक बारकावा होता : या किमान रजेचे तुकडे करता येणार नाहीत, त्याहून जास्त मिळणाऱ्या दिवसांचेच करता येतील. हा बारकावा कामगाराच्या बाजूचा होता. मालकाला रजा एक-एक दिवस करून चुरडता आली, तर वर्षअखेरीस हिशेब पुरा होईल आणि कामगाराला विसावा मात्र मिळणार नाही, ही त्यामागची भीती. सहा सुटे दिवस आणि सहा सलग दिवस यांची बेरीज सारखी असली, तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे कायद्याच्या भाषेत मान्य झाले.

भारतात हे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हातून झाले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. भरपगारी रजेचे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४५ मध्ये त्याचा कायदा झाला. बारा महिने सलग नोकरी झालेल्या कामगाराला पुढच्या बारा महिन्यांत सलग दहा दिवस रजा, आणि बालकामगाराला चौदा. बालकामगार हा शब्द आज खटकतो. तो त्या कायद्यात होता. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द आहे 'सलग'. त्याआधीच्या साठ वर्षांत कामगाराचे गावाला जाणे म्हणजे पळणे, गैरहजेरी, बेशिस्त, असेच मानले जाई. आता कायदा म्हणू लागला की सलग दहा दिवस तू येथे नसणे हा तुझ्या येथे असण्याचाच भाग आहे, आणि त्याचा पगार तुला मिळेल. बाबासाहेबांवर मराठीत जे अफाट लेखन झाले आहे, त्यात त्यांच्या मजूरमंत्रिपदाची चार वर्षे अजून कोपऱ्यातच आहेत, असे मला वाटते.

पुढे १९४८ चा कारखाने कायदा आला आणि १९५४ च्या दुरुस्तीने त्यातले रजेचे प्रकरण नव्याने लिहिले गेले. दहा सलग दिवसांच्या जागी दर वीस दिवसांमागे एक, हा हिशेब स्थिरावला. रजेच्या काळात पडणारे रविवार आणि सण रजेत धरायचे नाहीत, हेही ठरले. आणि 'सलग' हा शब्द जाऊन त्या जागी 'तीन वेळा' आले. ही तडजोड कोणाच्या सोयीची होती? माझे अनुमान असे की दोघांच्याही, आणि पुरती कोणाच्याच नव्हे. दहा दिवस एकत्र घेण्याची सक्ती कामगाराला अडचणीची होती, कारण त्याची कामे एका महिन्यात येत नाहीत. वाटेल तेव्हा एक दिवस घेण्याची मुभा मालकाला नको होती, कारण बदली माणूस एका दिवसासाठी उभा करता येत नाही. तीन हा त्यांच्या मध्ये सापडलेला आकडा. त्यात चौथ्या प्रसंगाला जागा उरली नाही.

त्याच प्रकरणात एक्याऐंशीवे कलम आहे. ते वाचेपर्यंत वडिलांच्या पुस्तिकेतले एक कोडे मला सुटले नव्हते. नाथषष्ठीला तीन दिवस, महालक्ष्म्यांना तीन दिवस, पण मृगाला चारच का? पेरणी काही दर वर्षी बरोबर चार दिवसांत उरकत नाही. मागची-पुढची वर्षे उलटून पाहिली. जूनची नोंद कधी चार, कधी पाच, एकदा सहा. चारांपेक्षा कमी एकदाही नाही. कलम सांगते की निदान चार दिवसांची रजा मंजूर झालेल्या प्रौढ कामगाराला त्या रजेचा पगार रजा सुरू होण्याआधी द्यावा. मृगाच्या तोंडावर बियाणे आणि खत घ्यायचे असते आणि महिन्याचा पगार दूर असतो. तीन दिवसांच्या रजेला आगाऊ पैसे मिळाले नसते, चौथ्या दिवसाने ते मिळत. सातवी शिकलेल्या त्या माणसाने कायद्याचे पुस्तक कधी हाती धरले नसेल. पण रजा किती दिवसांची घ्यायची, हे तो कलमाच्या धारेवर ठरवत होता. वेळा तीनच आहेत, हेही त्याला ठाऊक होतेच. त्या वर्षी महालक्ष्म्यांना गेलो नसतो तर एक वेळ उरली असती, असे ते एकदा बोलून गेले. आजीनेच निरोप पाठवून बोलावले होते, म्हणून गेले होते.

आता औरंगाबादविषयी. (शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, येथे ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळातले नाव वापरतो.) १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होते आणि कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारी असे. लोखंड्यांचा रविवार येथे पोहोचायला ५८ वर्षे लागली, आणि तो आला तो संपाने नव्हे, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने. ब्रिटिश हिंदुस्थानाचे कारखाना कायदे संस्थानांना लागू नसत. म्हणून १९४५ च्या सलग दहा दिवसांचाही येथील कामगाराशी थेट संबंध आला नाही. मात्र त्या कायद्याचा कर्ता १९५० मध्ये स्वतःच या शहरात आला, तो महाविद्यालय काढायला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या त्या महाविद्यालयाची, पुढच्या मिलिंद महाविद्यालयाची, कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. कारखाने फार नव्हते, त्यामुळे कारखान्याच्या रजेचा प्रश्नही फारसा नव्हता. ते चित्र बदलले औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींनी : आधी रेल्वे स्टेशनजवळ आणि चिकलठाण्याला, आणि मग वाळूजला, जिथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला.

येथील कामगाराचे गाव रत्नागिरीइतके दूर नव्हते. पैठण, गंगापूर, वैजापूर, खुलताबाद, फुलंब्री, सारे एसटीच्या तासा-दीड तासाच्या अंतरात. मुंबईच्या कामगाराला गाव दूर असल्यामुळे सलग रजा घ्यावीच लागे. आमच्याकडच्या कामगाराला गाव जवळ असल्यामुळे सलग रजा कधी घेताच आली नाही. गाव रोजच हाक मारत असे. मोटर जळाली, बैल आजारी पडला, चुलत्याकडचा सुपारीचा कार्यक्रम, तलाठ्याकडे सात-बारा, सोयरिकीतला दहावा. यांतले कोणतेही काम चार दिवसांचे नाही आणि कोणतेही टाळण्यासारखे नाही. कायद्याच्या तीन वेळा अशा माणसासाठी घडवलेल्या नव्हत्या. मग तो काय करी? पीएल (भरपगारी रजेला कारखान्यात दुसरे नाव नाही) राखून ठेवी आणि किरकोळ रजेचे दिवस संपले की बिनपगारी राही. बिनपगारी दिवस वाढले की टाइम ऑफिस बोलावून समज देई. पुन्हा तोच जुना सूर : याचे मन कामात नाही, हा मूळचा शेतकरी. मराठवाड्यातल्या कामगारांबद्दल हे वाक्य मी व्यवस्थापनातल्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ते १९३१ साली मागे पडायला हवे होते.

आम्ही अध्यापक मंडळी याच शहरात राहून रजेच्या एका निराळ्याच प्रदेशात वावरतो. राज्य शासनाच्या १९८१ च्या रजा नियमांत सुरुवातीलाच बजावलेले असते की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. येथे मूळ अरबी अर्थ अजून शाबूत आहे. पण हा इशारा सोडला तर पुढची पाने विलक्षण उदार आहेत. कार्यालयीन कर्मचाऱ्याच्या खात्यावर १ जानेवारीला आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवसांची अर्जित रजा आगाऊ जमा होते; अर्धवेतनी आहे, परिवर्तित आहे, असाधारण आहे. किरकोळ रजा तर नियमांच्या दृष्टीने रजाच नव्हे; ती घेणारा कामावर आहे असे मानले जाते. उन्हाळ्याची आणि दिवाळीची दीर्घ सुट्टी मिळणाऱ्या आम्हा शिक्षकांना अर्जित रजा जवळपास नसतेच, आणि आम्ही त्याबद्दल कुरकुरतोही. तरी रजेच्या मागे-पुढे रविवार आणि सण जोडण्याची कला आमच्याइतकी कोणाला साधली नसेल. उपसर्ग आणि प्रत्यय लावून लहान धातूचा लांबलचक शब्द करावा, तशी आम्ही दोन दिवसांची रजा सात दिवसांची करतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा आला आणि तेथे तर या व्याकरणाला आणखी एक प्रत्यय मिळाला. मराठी ललित साहित्यात सुट्टी भरपूर आहे : मे महिना, आजोळ, आंबे, समुद्र. ती बहुधा याच दीर्घ सुट्टीतून आली आहे. कारखान्याची रजा तिथे मला अभावानेच भेटली.

आणि खाडा? तो शब्द या विभागात किती जड झाला आहे, हे लिहिल्यावाचून विषय पुरा होत नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारे जोडपे हंगामाची उचल आधी घेते. मग पाच-सहा महिने सलग काम. रविवार नाही, रजा नाही. एखादा दिवस चुकला तर मजुरी तर जातेच, शिवाय मुकादम दंड लावतो. त्या दंडालाच खाडा म्हणतात. मूळ शब्दात नुसती रिकामी जागा होती. येथे त्या रिकाम्या जागेची किंमत मजुराने भरायची आहे. पाळीच्या दिवसांत, पोटदुखीत खाडा पडू नये, हेही एक कारण असलेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. माझ्या वडिलांना तीन वेळा होत्या. त्यांच्याच चुलत बहिणीच्या घरात, साठ-सत्तर किलोमीटरवर, एकही नव्हती. आमच्या घरी त्या दोन गोष्टी एका वाक्यात कधी बोलल्या गेल्या नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा इतिहासजमा झाला. रजेसाठी लागणारे २४० दिवस आता १८० झाले आहेत. दर वीस दिवसांमागे एक हे प्रमाण तेच आहे. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या रजेचे पैसे मागण्याचा अधिकारही आता कामगाराला आहे. १८० दिवसांची अट ही चांगली गोष्ट आहे, कारण हंगामी आणि कंत्राटी कामगार तीत बसू शकतील. पैशांबद्दल मात्र मला धाकधूक वाटते. न घेतलेली रजा विकता येऊ लागली की रजा किती घ्यावी, या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळते, आणि ते उत्तर ज्याच्या घरी कर्ज आहे त्याला फार लवकर पटते.

ही रजा-पुस्तिका आमच्या घरी राहिली तीही एका नियमामुळे. ती कामगाराच्या मालकीची असते. नोंदी करण्यासाठी घेतली तर व्यवस्थापनाने आठवड्याच्या आत परत करायची असते. कापडी पाठीची, अर्ध्या हाताएवढी वही. १९९० च्या पानावर पहिली नोंद जानेवारीतली आहे, एकदम सहा दिवसांची, म्हणजे मागची सगळी शिल्लक. तीन वेळांपैकी एक वेळ वर्ष सुरू होताच खर्च झाली होती. चारांहून अधिक दिवस असल्यामुळे आगाऊ पगारही मिळाला असणार. त्या सहा दिवसांत त्यांनी गावी काय केले, ते त्यांनी कधी सांगितले नाही. आईला विचारले, तर ती म्हणाली, तूर काढायची राहिली होती.